आठ जणांचा नियम

राजीव सबनीसला अमेरिकन फुटबॉल आधी सापडला आणि रुबेनला तो आधी जमला. पुढची चौदा वर्षं राजीवला जे काही दुखत राहिलं, त्याचं मूळ तिथे होतं.

दोघं वेम्बलीत एकाच गल्लीत वाढले. राजीवचा जन्म इथलाच. रुबेन पेझारकर आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर भायखळ्याहून आला. त्याचे वडील योना आणि आई बेला घरात मराठीच बोलत. शुक्रवारी संध्याकाळी बेलाआंटी मेणबत्त्या लावायच्या तेव्हा प्रार्थना हिब्रूत आणि मुलाला ओरडणं मराठीत. त्यामुळे रुबेनचं मराठी स्वच्छ राहिलं. राजीवचं मात्र शाळेत जायला लागल्यापासून घसरलं, आणि त्याची आई मधुमतीबाई ते त्याला विसरू देत नसत. "बघ, त्या रुबेनचं मराठी बघ," त्या म्हणायच्या. "नाहीतर तू. 'माझा आई' म्हणतोस."

ब्याऐंशी साली चॅनेल फोरवर रविवारी संध्याकाळी हा खेळ दिसायला लागला. राजीव तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याने लायब्ररीतून नियमांचं पुस्तक मागवलं, वहीत आकृत्या काढल्या आणि रुबेनला शिकवलं की दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, आणि क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक चाल सुरू होते तो. मग दोघं पार्कात गेले. राजीवने बॉल फेकला, तो हवेत डगमगत वीस यार्डांवर पडला. रुबेनने तोच बॉल उचलून परत फेकला. बॉल सरळ रेषेत फिरत आला आणि राजीवच्या छातीवर इतक्या जोरात आदळला की त्याला खाली बसावं लागलं.

"सॉरी," रुबेन धावत आला. "लागलं का रे?"

"नाही," राजीव म्हणाला.

दोन वर्षांनी वेम्बली हेरॉन्स हा हौशी क्लब निघाला. दोघांनी नावं दिली. क्वार्टरबॅक रुबेन झाला. राजीव त्याचा बदली, म्हणजे बाकावर बसून रुबेनला काही होण्याची वाट बघणारा. रुबेनला कधी काही झालं नाही. राजीवला मैदानावर एकच काम मिळे: किक मारणाऱ्यासाठी बॉल जमिनीवर एका बोटाने उभा धरून ठेवायचा आणि किक बसली की बाजूला व्हायचं. ते काम तो नीट करायचा. सामना संपला की लोक रुबेनभोवती जमायचे आणि राजीव हेल्मेटं मोजून पोत्यात भरायचा.

सत्त्याऐंशी साली त्याला मिल्टन कीन्सला कम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. त्याच वर्षी लीड्सच्या सुनीतीशी लग्न झालं. नवं घर, नवी गाडी, ओळीने राउंडअबाउट. सुनीतीला वाटलं, आता हा मैदानाचं वेड सोडेल. त्याने सहा महिन्यांत स्वतःचा क्लब काढला, मिल्टन कीन्स मॅगपाईज. सेक्रेटरी राजीव, क्वार्टरबॅकही राजीव. कोच म्हणून डेरेक नावाचा पोस्टमन मिळाला. तो बोलायला मवाळ होता, पण खेळातलं त्याला कळत होतं.

अठ्ठ्याऐंशीत त्यांचा हेरॉन्सशी पहिला सामना झाला. हेरॉन्स अठ्ठेचाळीस, मॅगपाईज सहा. पुढच्या वर्षी चोपन्न–शून्य. नव्वदमध्ये राजीवने जानेवारीपासून तयारी केली, प्रत्येक चाल घरी व्हिडिओवर तपासली, आणि निकाल लागला एक्केचाळीस–सात. सामन्यानंतर रुबेन त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मागच्यापेक्षा कितीतरी सुधारलात तुम्ही लोक." तो मनापासून बोलला होता. राजीवला त्या हाताचं ओझं घरी जाईपर्यंत जाणवत राहिलं.

त्या वर्षी लीगमध्ये आठ क्लब होते, दक्षिणेला ब्रायटनपासून उत्तरेला लीड्सपर्यंत, आणि बघायला येणारे लोक कमी होत चालले होते. आधी पाचशे यायचे, आता दीडशे. हेरॉन्स तीन वर्षं हरले नव्हते. कोण जिंकणार हे ठाऊक असलेला सामना बघायला रविवारी कोण घराबाहेर पडणार, असं लीगच्या कमिटीत बोललं जाऊ लागलं. राजीव कमिटीवर होता. त्याने एक नियम लिहून आणला.

नियम सोपा होता. चार किंवा जास्त सीझन खेळलेले आठच खेळाडू एका क्लबला ठेवता येतील. बाकीच्यांची नावं एका यादीत जातील, आणि त्या यादीतून सगळ्यात खालचा क्लब पहिला खेळाडू उचलेल. ज्याला जो क्लब उचलेल, त्याने तिथेच खेळायचं.

आठ हा आकडा त्याने सहज काढला नव्हता. हेरॉन्सकडे तसे चौदा खेळाडू होते. मॅगपाईज तीन वर्षांपूर्वीच सुरू झालेले, त्यांच्याकडे तिघंच. मर्यादा दहा ठेवली तर हेरॉन्सचे चार जाणार, आठ ठेवली तर सहा. त्याने दहा खोडून आठ लिहिलं.

नोव्हेंबरमध्ये कॉव्हेंट्रीतल्या एका पबच्या वरच्या खोलीत सभा झाली. हेरॉन्सकडून रुबेन आला होता.

"अमेरिकेत वर्षानुवर्षं हेच चालतं," राजीव इंग्रजीत म्हणाला. "शेवटच्या टीमला पहिली निवड. कुणी कायम वर राहत नाही, म्हणून प्रत्येक गावाला दर सप्टेंबरला आशा असते. म्हणून तिथे स्टेडियम भरतात."

रुबेन उभा राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. "तिथे कॉलेजातून नवीन आलेल्या पोरांची वाटणी होते," तो म्हणाला. "आम्ही पाच वर्षं चिखलात शिकवलेल्या माणसांची नाही. आमचे सहा काढलेत तर आम्ही वाईट होऊ, हे नक्की. बाकीचे सात चांगले होतील, हे कशावरून? आमच्याशी खेळायचं म्हणून तुम्ही सराव वाढवलात ना? मग वर बघायला कुणी नसेल तर सराव कुणासाठी कराल?"

दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. राजीवला वाटलं, मत फिरतंय. तो पटकन म्हणाला, "जिंकणाऱ्याला नियम नेहमीच वाईट वाटतो." लोक हसले. नियम पाच विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला.

जिना उतरताना रुबेन त्याला मराठीत म्हणाला, "आठच का रे?"

"ॲव्हरेज काढला," राजीव म्हणाला. "सगळ्या क्लबांची."

"क्लबांचा," रुबेनने दुरुस्त केलं, मान हलवली आणि तो पुढे गेला.

जानेवारीत यादी आली. राजीवने ती जेवणाच्या टेबलावर उघडली. हेरॉन्सची सहा नावं होती आणि सगळ्यात वर रुबेनचं. त्याने पुन्हा वाचलं. हेरॉन्सने आपला कॅप्टन सोडला कसा? फोन केल्यावर कळलं की नावं कॅप्टननेच ठरवली होती. पुढच्या फळीतल्या बऱ्याच जणांकडे गाड्या नव्हत्या, त्यांना दुसऱ्या गावी पाठवलं तर ते खेळच सोडतील, म्हणून त्याने आधी स्वतःचं नाव घातलं.

मॅगपाईज नव्वदमध्ये शेवटचे होते. पहिली निवड त्यांची होती.

डेरेकला विचार करायला एक मिनिटही लागलं नाही. "राजीव," तो म्हणाला, "तुझा नियम म्हणजे देणगी आहे." आणि त्याने रुबेनचं नाव लिहून पाठवलं.

त्या मार्चपासून रुबेन दर रविवारी एम-वन हायवेवरून पंचेचाळीस मैल गाडी हाकत यायचा. वेम्बलीत एका वर्कशॉपमध्ये तो चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत काम, रविवारी सकाळी इथे. पहिल्या सरावाला त्याने पाच बॉल फेकले आणि राजीवने उभ्या केलेल्या क्लबमधले, राजीवने घरोघर फिरून गोळा केलेले पस्तीस पुरुष एकमेकांकडे बघून हसायला लागले. डेरेकने राजीवला बाजूला घेतलं. तो काय सांगणार हे राजीवला माहीत होतं. "बॉल धरण्यात तुझ्याइतका पक्का कुणी नाही," डेरेक म्हणाला.

म्हणजे पुन्हा एका बोटाने बॉल उभा धरायचा. स्वतःच्या क्लबमध्ये.

सामन्यांनंतर रुबेन कधी कधी घरी यायचा. सुनीती पोहे करायची, तो ओट्याला टेकून तिच्याशी लीड्सबद्दल बोलायचा. मधुमतीबाई आल्या असल्या तर त्याच्या ताटात आधी वाढायच्या. "पंचेचाळीस मैल येतो पोरगा," त्या म्हणायच्या. राजीव त्यांना आणायला-पोचवायला तेवढेच मैल जायचा, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

मॅगपाईज जिंकत गेले. राजीवला प्रत्येक विजयात आनंद व्हायला हवा होता. तो बाकावर बसून रुबेनचा बॉल चुकावा अशी वाट बघायचा आणि बॉल चुकला की घाबरून इकडेतिकडे बघायचा, कुणाला आपला चेहरा दिसला की काय. सप्टेंबरमध्ये ते लीग जिंकले. स्थानिक पेपरात फोटो आला. मधे रुबेन, हातात कप. राजीव उजव्या टोकाला, अर्धा. "सेक्रेटरीचं नाव घालायला विसरले," सुनीती म्हणाली.

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणतोस आणि तो पेपर चौथ्यांदा उघडलायस." ती त्याच्यासमोर बसली. "तू जेलस आहेस, राजीव. इतकंच म्हण ना. म्हटलं की कमी होतं."

"मी क्लबचा विचार करतोय," तो म्हणाला.

क्लबचा विचार करायची वेळ लवकरच आली. अठ्ठ्याऐंशीपासून खेळणाऱ्या मॅगपाईजचे आता चार सीझन पुरे झाले होते. राजीव, रुबेन धरून असे अकरा जण झाले. नियमाप्रमाणे तिघांना सोडणं भाग होतं. नावं सेक्रेटरीने कोचला विचारून पाठवायची होती.

"रुबेनला सोडू," राजीव डेरेकला म्हणाला. "दर रविवारी नव्वद मैल करतो तो. या वर्षी हेरॉन्स शेवटचे आलेत, पहिली निवड त्यांची. ते त्याला परत घेतील. घराजवळ खेळेल."

डेरेक म्हणाला, "त्याला विचारलंस?"

"तो स्वतःहून कधी म्हणणार नाही. तसा आहे तो."

डेरेकने शेवटी हो म्हटलं. राजीवने यादी टाइप केली. शुक्रवारी ती लीगच्या अध्यक्षांना पोस्टाने पाठवायची होती. बुधवारी कमिटीच्या पत्रव्यवहाराच्या पत्त्यावर, म्हणजे राजीवच्याच घरी, वेम्बलीहून पत्र आलं. हेरॉन्स क्लब बंद करत होते. सहा अनुभवी माणसं गेल्यावर ते सगळे सामने हरले, मग उरलेलेही यायचे थांबले, आता सरावाला नऊ जण येतात. लीगने कृपया नोंद घ्यावी.

राजीवने पत्र दोनदा वाचलं. हेरॉन्स नाहीत म्हणजे पहिली निवड खालून दुसऱ्या क्लबची. म्हणजे लीड्सची. वेम्बलीहून लीड्स एकशे नव्वद मैल.

अजून दोन दिवस होते. रुबेनचं नाव खोडून दुसरं लिहायला एक मिनिट पुरलं असतं. त्याने पत्र फाइलमध्ये ठेवलं आणि शुक्रवारी यादी होती तशी पोस्टात टाकली. हेरॉन्सची बातमी त्याने पुढच्या आठवड्यात सगळ्यांना कळवली.

लीड्सने रुबेनला उचललं. त्याने राजीवला फोन केला.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत कामावर असतो रे मी," तो म्हणाला. "रविवारी सकाळी लीड्सला कसा पोचणार? लीगला सांगून काही होतं का बघ ना."

"नियम आहे," राजीव म्हणाला. "माझ्या हातात काय आहे?"

"बरं," रुबेन म्हणाला. तो लीड्सला गेला नाही. नियमाप्रमाणे दुसरीकडेही खेळू शकला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा खेळ थांबला.

सुनीतीला ते पत्र फाइलमध्ये सापडलं ते उन्हाळ्यात, विम्याचे कागद शोधताना. तिने वरच्या शिक्क्यातली तारीख बघितली आणि ते राजीवच्या पुढ्यात ठेवलं. ती भांडली नाही. "हे त्याला तू सांगायचंस," एवढंच म्हणाली. "मी नाही सांगणार."

राजीव आता क्वार्टरबॅक होता. ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. लीगमध्ये सगळे सारखे झाले होते, जसं त्याने सभेत वचन दिलं होतं. निकाल लागायचे सहा–सहा, सात–तीन. कोण जिंकणार हे खरंच कुणाला सांगता येत नव्हतं आणि ते बघायला चाळीस माणसं यायची. दर हिवाळ्यात माणसं इकडची तिकडे व्हायची, त्यामुळे कुठल्याच क्लबला एकमेकांची सवय होत नव्हती. एकदा ब्रायटनशी सामना सुरू असताना राजीवने चांगला लांब बॉल फेकला, आयुष्यातला सगळ्यात चांगला, आणि झेलणारा दुसरीकडेच धावत होता. तो तीन आठवड्यांपूर्वीच आला होता.

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात बेलाआंटींचा फोन आला. योनाकाकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि ते सुखरूप घरी आले होते. "मलिदा ठेवलाय रविवारी," त्या म्हणाल्या. "नवस होता माझा. तू आणि सुनीती यायचंच. चार वर्षांत तोंड नाही दाखवलंस."

वेम्बलीतल्या त्या छोट्या घरात वीसेक माणसं होती. मधल्या टेबलावर मोठं ताट, गूळ-खोबऱ्यात भिजवलेले पोहे, भोवती फळं. प्रार्थना झाली, सगळ्यांना वाटलं गेलं. रुबेन दाराशी उभा होता. थोडा जाड झालेला. त्याने राजीवशी हात मिळवला.

योनाकाका खुर्चीत शाल गुंडाळून बसले होते. त्यांना या दोघांना बोलतं करायचं होतं. "काय रे," ते म्हणाले, "तिकडे अमेरिकेत आता टीमच्या एकूण पगारावरच मर्यादा घातलीय म्हणे. दुसरं वर्ष ना हे? खेळ बिघडला का सुधारला?"

"डॅलस अजून जिंकतंय, काका," राजीव म्हणाला.

"जिंकतंय," रुबेन म्हणाला, "पण दर वर्षी त्यांचे चार चांगले जातात. आधी बाकावर बसलेलासुद्धा चांगला असायचा. आता एक जण पडला की मागे कुणी नाही. बिघडला असं नाही म्हणणार मी. पातळ झालाय."

"पण खालच्या टीमना चान्स मिळतो," योनाकाका म्हणाले.

"मिळतो ना. मला वाईट त्याचं नाही वाटत." रुबेनने राजीवकडे बघितलं. "राजीव जास्त सांगेल. नियम त्याचा विषय."

लोक हसले. राजीव उठून मागच्या बागेत गेला. रुबेन थोड्या वेळाने आला.

"मला तुला एक सांगायचं आहे," राजीव म्हणाला. "आठ हा आकडा मी तुमच्यासाठी काढला. हेरॉन्ससाठी. तू बाकावर यावास म्हणून नाही, तू हरावास म्हणून."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"दहा केले असते तर चार गेले असते. मी त्याच जिन्यात मोजलं." रुबेन कुंपणाला टेकला. "आणि तूही ऐक. मी स्वतःचं नाव का घातलं? पोरांकडे गाड्या नव्हत्या हे खरं. पण पहिली निवड तुमची आहे हेही मला ठाऊक होतं. म्हटलं, तुझ्याच नियमाने तुझी जागा घेतो. कॉलेज तुला मिळालं, नोकरी, घर, सुनीती. माझ्याकडे हा एकच खेळ होता, तोही माझा राहिलेला तुला नको होता. तर मी आलो. दर रविवारी तुला बाकावर बघायला बरं वाटायचं मला."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की जळणारा आपण एकटेच. क्षणभर त्याला हलकं वाटलं, आणि इथेच थांबावं असंही वाटलं. पण घरात सुनीती होती, आणि तिने विचारलं असतं.

"लीड्सचं," तो म्हणाला. "हेरॉन्स बंद होतायत हे मला आधी कळलं होतं. पत्र बुधवारी आली. यादी मी शुक्रवारी पाठवली."

रुबेनने सवयीने चूक दुरुस्त केली. "पत्र आलं," तो म्हणाला. मग त्याला वाक्याचा अर्थ लागला.

"दोन दिवस होते तुझ्याकडे?"

"हो."

"मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, माझ्या हातात काय आहे."

"हो."

रुबेन कुंपणापासून सरळ झाला. तो मारेल असं राजीवला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. "पहिल्यांदा केलंस ते खेळात केलंस," रुबेन म्हणाला. "मीही केलं. हे वेगळं आहे. माझ्या हाताची ऐन चार वर्षं गेली, राजीव. अठ्ठावीस ते बत्तीस. ती काय परत येणारेत?" तो आत गेला. दार त्याने आपटलं नाही, हळू लावलं, कारण वडील झोपायला गेले होते.

परतताना सुनीतीने गाडी चालवली. राजीवने तिला सगळं सांगितलं. रुबेनचीही बाजू सांगितली. "म्हणजे तोही," ती म्हणाली आणि तिने गिअर बदलला.

त्या नोव्हेंबरच्या सभेत राजीवने स्वतःचाच नियम रद्द करायचा ठराव मांडला. का, हे सांगायला तो उभा राहिला. "मी हा नियम समतोलासाठी आणला नव्हता," तो म्हणाला. "एका टीमवर माझा राग होता. समतोलाची भाषा मला सोयीची पडली. नियम चांगल्या हेतूने आणला असता तरी तो चालला असता का, मला माहीत नाही. कदाचित चालला असता." पाचच क्लब उरले होते. कुणी चर्चा केली नाही. हात वर झाले, ठराव मंजूर झाला आणि सभा पुढच्या मुद्द्यावर, मैदानाच्या भाड्यावर, गेली. त्याने ठरावाची एक प्रत रुबेनला पाठवली. उत्तर आलं नाही.

मे महिन्यात ऑक्सफर्डचा क्लब मिल्टन कीन्सला खेळायला आला. त्यांच्या यादीत राजीवला पेझारकर हे नाव दिसलं. रुबेन तेहतीस वर्षांचा होता, गुडघ्याला पट्टा होता, पळताना दमत होता. पहिला अर्धा तास त्याचे बॉल इकडेतिकडे गेले. मग हात मोकळा झाला. चौथ्या भागात त्याने पंचेचाळीस यार्डांवर एक बॉल असा टाकला की झेलणाऱ्याला हात फक्त उघडावे लागले. बाजूला उभी असलेली साठ-सत्तर माणसं ओरडली, त्यात मिल्टन कीन्सचीच बरीच होती. ऑक्सफर्ड वीस, मॅगपाईज सहा.

राजीवच्या पोटात तेच जुनं दुखलं, पार्कात छातीवर बॉल आदळला त्या दिवसाइतकंच. चौदा वर्षांत ते कणभर कमी झालं नव्हतं. सामन्यानंतर तो मैदान ओलांडून गेला.

"चांगला खेळलास," तो म्हणाला. "मला अजून पोटात दुखतं, तुला बघून."

रुबेन बुटाच्या नाड्या सोडत होता. त्याने वर बघितलं. "दुखू दे," तो म्हणाला. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती.

"सुनीती म्हणाली, चहाला ये."

"आज नको. गाडीत चौघं आहेत." त्याने बूट पिशवीत टाकले. मग थांबून विचारलं, "परतीचा सामना कधी आहे आपला?"

"जुलैमध्ये. चौदा तारखेला, तुमच्याकडे."

"सराव कर जरा," रुबेन म्हणाला आणि पिशवी खांद्यावर टाकून गाडीकडे गेला.

राजीवने त्या मंगळवारी डेरेकला फोन करून सरावाचा आणखी एक दिवस मागून घेतला.